अंदाज बरोबर आला, तर चुकले कुठे? (तर्ककोड्यांत पर्याय बाद करण्याविषयी)

मयेकाठ:

डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी दुपारी सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक तास तर्ककोडी घेते. चार माणसे, चार गावे, चार वस्तू, आणि सूचनांवरून कोणाचे काय ते शोधायचे, अशी ही चौकटींची कोडी आहेत. गेल्या शनिवारी पुढील कोडे दिले होते.

एका गावच्या जत्रेत सलग चार रात्री चार नाटके झाली. साखळी, पेडणे, काणकोण आणि केपे येथील चार मंडळांनी प्रत्येकी एक नाटक केले. चारांपैकी एक नाटक संगीत, एक ऐतिहासिक, एक पौराणिक आणि एक सामाजिक होते. कोणत्या रात्री कोणत्या मंडळाने कोणत्या प्रकारचे नाटक केले?

सूचना १. साखळीच्या मंडळाचे नाटक झाले, त्याच्या लगेच नंतरच्या रात्री संगीत नाटक झाले.
सूचना २. पेडण्याच्या मंडळाचे नाटक संगीतही नव्हते आणि पौराणिकही नव्हते.
सूचना ३. पौराणिक नाटक चौथ्या रात्री झाले.
सूचना ४. काणकोणच्या मंडळाचे नाटक केप्याच्या मंडळाच्या नाटकानंतर झाले.
सूचना ५. ऐतिहासिक नाटक साखळीच्या मंडळाच्या नाटकाच्या आधी झाले.

मुलांनी पाचही सूचना एकदा वाचल्या, चौकटीत एक बरोबरची खूण आणि काही फुल्या केल्या, आणि तिथे सगळी अडली. मग एका मुलाने पेडणे पहिल्या रात्री असेल असे धरले, बाकीचे जुळवून पाहिले आणि बरोबर उत्तर आणले. अंदाजाने सोडवायचे नसते, असे मी त्याला म्हटले, तेव्हा त्याने विचारले, ‘‘बाई, उत्तर बरोबर आले ना? मग माझे चुकले कुठे?’’ त्याचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. मुलगा हुशार आहे आणि त्याने प्रश्न मनापासून विचारला होता, म्हणून त्याला नीट उत्तर मिळावे असे मला वाटते. मुले जिथे अडली तिथून अंदाज न करता पुढे कसे जायचे, हेही कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

आंतरुजकर:

ताई, मी फोंड्याकडचा निवृत्त गणित शिक्षक आहे. कोडे उत्तम आहे. आधी ते अंदाजाशिवाय सोडवून दाखवतो, म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच पुढे येईल.

चौकट तीन भागांची काढावी: मंडळ आणि रात्र, मंडळ आणि प्रकार, प्रकार आणि रात्र. प्रत्येक भागात १६ घरे, म्हणजे एकूण ४८ घरे होतात. कोडे पूर्ण सुटते तेव्हा त्यांपैकी १२ घरांत बरोबरची खूण असते आणि ३६ घरांत फुली. मुलांचे लक्ष मात्र त्या बारा खुणांवर खिळलेले असते. फुली म्हणजे वाया गेलेले घर, अशी त्यांची समजूत असते, आणि माझ्या अनुभवात अडण्याचे पहिले कारण हेच आहे. ‘साखळीचे नाटक चौथ्या रात्री नाही’ हेसुद्धा संपूर्ण आणि पक्के ज्ञान आहे.

तिसऱ्या सूचनेपासून सुरुवात करू, कारण ती थेट आहे. पौराणिक आणि चौथी रात्र यांच्या घरात बरोबरची खूण येते. या एका खुणेबरोबर सहा फुल्या येतात. पौराणिक पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री नाही. तसेच संगीत, ऐतिहासिक आणि सामाजिक यांपैकी कोणतेही चौथ्या रात्री नाही. पहिल्या तीन फुल्या मुले सहसा करतात. दुसऱ्या तीन राहून जातात, आणि या कोड्याची किल्ली त्यांतच आहे.

आता पहिली सूचना घ्या. तिच्यातून तीन फुल्या ताबडतोब मिळतात. साखळीचे नाटक संगीत नाही, कारण ती दोन वेगळ्या रात्रींची नाटके आहेत. साखळी चौथ्या रात्री नाही, कारण तिच्यानंतर एक रात्र शिल्लक हवी. आणि संगीत पहिल्या रात्री नाही, कारण त्याच्या आधी साखळीचे नाटक झालेले आहे. बहुतेक मुले एवढ्यावर सूचना संपली असे समजतात. पण संगीत चौथ्या रात्री नाही हे आपल्याला पौराणिकाच्या खुणेवरून आधीच कळलेले आहे. संगीत चौथ्या रात्री नसेल, तर साखळी तिसऱ्या रात्री असू शकत नाही. ही फुली पहिल्या सूचनेत लिहिलेली नाही आणि तिसऱ्या सूचनेतही नाही. दोन्ही एकत्र ठेवल्यावरच ती दिसते. म्हणून चौकटीत नवी खूण झाली की सगळ्या सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचाव्यात. एकदा वाचून बाजूला ठेवलेली सूचना दुसऱ्या वाचनात नवीन काही सांगते.

पाचव्या सूचनेवरून साखळीचे नाटक ऐतिहासिक नाही आणि साखळी पहिल्या रात्रीही नाही. साखळीच्या ओळीत आता पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीवर फुली आहे. शिल्लक राहिली ती दुसरी रात्र. त्यामुळे संगीत तिसऱ्या रात्री. ऐतिहासिक साखळीच्या आधी, म्हणजे पहिल्या रात्री. आणि उरलेले सामाजिक दुसऱ्या रात्री.

यापुढची पायरी मुलांना सर्वांत कठीण जाते. साखळीची रात्र दुसरी आणि सामाजिक नाटकाची रात्रही दुसरी, म्हणून साखळीचे नाटक सामाजिक. चौकटीच्या दोन भागांतील माहिती तिसऱ्या भागात अशी उतरवावी लागते, आणि फुल्याही तशाच उतरवायच्या असतात. पौराणिक चौथ्या रात्री आणि साखळी चौथ्या रात्री नाही, एवढ्यावरूनच साखळीचे नाटक पौराणिक नाही, असे अगदी सुरुवातीला म्हणता आले असते.

राहिलेले पटकन संपते. पेडण्याचे नाटक संगीत नाही, पौराणिक नाही, आणि सामाजिक साखळीकडे गेले; म्हणून ते ऐतिहासिक आणि पहिल्या रात्रीचे. काणकोण व केपे यांच्यासाठी तिसरी आणि चौथी रात्र उरली, आणि चौथी सूचना सांगते की केपे आधी. म्हणजे केप्याचे संगीत तिसऱ्या रात्री, काणकोणचे पौराणिक चौथ्या रात्री.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. मंडळांना रात्री वाटण्याचे २४ प्रकार आणि नाटके वाटण्याचेही २४, म्हणजे एकूण ५७६ मांडण्या शक्य आहेत. त्याला त्यांतील एक जुळणारी मांडणी सापडली. उरलेल्या ५७५ का जुळत नाहीत, हे त्याला माहीत नाही. कोड्यात विचारलेले असते ते ‘हेच उत्तर का’ आणि त्याने सांगितले ते ‘हे उत्तर चालते’. ही दोन वेगळी विधाने आहेत.

कुशावतीकाठ:

आंतरुजकर सरांनी दाखवलेला मार्ग सरळच आहे, परंतु काल रात्री माझ्या मुलीने हेच कोडे पाचव्या सूचनेला हात न लावता बरेच पुढे नेले. त्यातील युक्ती मुलांना शिकवण्याजोगी आहे, म्हणून लिहिते.

साखळीचे नाटक संगीत नाही, आणि वर सरांनी म्हटल्याप्रमाणे ते पौराणिकही नाही. म्हणजे साखळीकडे ऐतिहासिक किंवा सामाजिक. दुसऱ्या सूचनेनुसार पेडण्याकडेही ऐतिहासिक किंवा सामाजिक. मंडळे दोन आणि त्यांच्यासाठी उरलेले प्रकारही नेमके तेच दोन. कोणाचे कोणते हे अजून कळलेले नाही, तरीही ते दोन प्रकार या दोघांतच वाटले जाणार हे नक्की झाले, म्हणून काणकोण आणि केपे यांच्यापुढे ऐतिहासिक व सामाजिक या दोन्हींवर फुली करता येते. त्या दोघांना संगीत आणि पौराणिक उरले. पौराणिक शेवटच्या रात्री आहे आणि केपे काणकोणच्या आधी आहे. म्हणजे संगीत केप्याचे आणि पौराणिक काणकोणचे. सुडोकू सोडवणाऱ्यांना ही जोडीची युक्ती परिचयाची असेल. तिची अट मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. दोघांचे पर्याय दोनच हवेत आणि तेच दोन हवेत. एकाला तिसरा पर्याय जरी मोकळा असला तरी ही फुली करता येणार नाही.

आणखी एक व्यवहाराची सूचना. चौकट गणिताच्या चौकड्यांच्या वहीत काढायला सांगा आणि प्रत्येक फुलीशेजारी ती कोणत्या सूचनेमुळे आली तिचा आकडा बारीक अक्षरात लिहायला सांगा. चूक झाली की मुले सगळे खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि कंटाळतात. आकडे लिहिलेले असले की नेमकी कोणती फुली चुकली ते सापडते आणि तिच्यावर उभे असलेले तेवढेच खोडावे लागते. शिवाय ज्या फुलीशेजारी कोणताच आकडा लिहिता येत नाही ती अंदाजाची आहे, हे मुलाला स्वतःलाच दिसते.

शेषवत्:

मी संस्कृतचा अभ्यासक आहे. या पद्धतीला आपल्याकडे जुने नाव आहे, ते मुलांना सांगावे असे वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात शेषवत् अनुमानाचा अर्थ दोन प्रकारे लावला आहे. एका अर्थाने ते कार्यावरून कारण ओळखणे होय. नदीला पूर आलेला पाहून वरच्या भागात पाऊस झाला असे आपण म्हणतो. म्हादईच्या काठी राहणाऱ्यांना हे उदाहरण वेगळे समजावण्याची गरज नाही. दुसरा अर्थ आपल्या विषयाचा आहे, तो म्हणजे परिशेष. जे जे पर्याय संभवतात ते ते नाकारत गेल्यावर जो एक उरतो, त्याचा स्वीकार करणे.

भाष्यकाराने दिलेले उदाहरण शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे आहे. शब्द हा द्रव्य आहे, गुण आहे की कर्म आहे? तो द्रव्य नाही, याचे एक कारण दिले. तो कर्म नाही, याचे दुसरे कारण दिले. उरला तो गुण. तीन रकाने, दोन फुल्या आणि एक खूण. आपण वाचनालयात करतो ते याहून निराळे नाही.

या उदाहरणातून एक मुद्दा स्पष्ट होतो आणि त्यावर मला विशेष भर द्यावासा वाटतो. परिशेषाचे सगळे बळ पर्यायांची यादी पूर्ण असण्यावर अवलंबून असते. द्रव्य, गुण, कर्म यांखेरीज चौथी शक्यता असती, तर दोन नाकारून तिसरी सिद्ध झाली नसती. कोड्यात ही हमी रचणारा देतो: मंडळे चारच, रात्री चारच, प्रत्येक प्रकारचे एकच नाटक. मुले सूचनांवर झडप घालतात आणि प्रस्तावनेतील ही वाक्ये वाचायची सोडून देतात; परंतु ‘उरले ते हेच’ असे म्हणण्याचा अधिकार त्या वाक्यांनीच दिलेला असतो. एखादे मंडळ दोन रात्री नाटक करू शकले असते, तर एका खुणेमागून सहा फुल्या करता आल्या नसत्या. घरात किल्ली हरवली की आपण चार जागा पाहून ‘म्हणजे पाचव्या जागीच असणार’ असे म्हणतो आणि ती तिथेही नसते, तेव्हा तर्क बरोबर असतो आणि यादी अपुरी असते.

मयेकाठ:

तिघांचेही मनापासून आभार. प्रस्तावनेतील वाक्यांचे महत्त्व माझ्याही ध्यानात आले नव्हते. आता एक शंका विचारते. काही कठीण कोड्यांत सगळे मार्ग खुंटल्यावर ‘समजा असे आहे’ असे धरून पुढे जावे लागते, असे मी पाहिले आहे. मग तो अंदाजच झाला ना? मुलाला अंदाज करू नको म्हणायचे आणि स्वतः ‘समजा’ म्हणायचे, हे मला विसंगत वाटते.

आंतरुजकर:

शंका योग्य आहे. फरक हेतूत आहे आणि निष्कर्षातही आहे. अंदाज करणारा एखादी गोष्ट खरी असेल या आशेने धरतो आणि सगळे जुळले की थांबतो. ‘समजा’ म्हणून तर्क करणारा ती गोष्ट कुठे मोडते ते पाहण्यासाठी धरतो. समजा, साखळी पहिल्या रात्री. मग ऐतिहासिक नाटक तिच्या आधी कोणत्या रात्री झाले? तशी रात्रच नाही. विसंगती आली, म्हणून साखळी आणि पहिली रात्र यांच्या घरात फुली. शाळेच्या गणितात हिला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात; दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे हे आपण असेच सिद्ध करतो. यात धरलेली गोष्ट मोडली, तर पक्की फुली मिळते. ती मोडली नाही, तर मात्र काहीच मिळत नाही, आणि तुमचा विद्यार्थी नेमका इथे घसरला. पेडणे पहिल्या रात्री धरून सगळे जुळले, पण त्यावरून पेडणे दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री नसल्याचे सिद्ध होत नाही. ‘समजा’ वापरायचेच असेल, तर ते पेन्सिलीने वेगळ्या कागदावर करावे, मूळ चौकटीत नव्हे, आणि जिथे दोनच पर्याय उरले आहेत अशा घरापासून सुरू करावे. त्यांतील एक मोडला की दुसरा आपोआप पक्का होतो.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कोडे ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात १७ डिसेंबर १९६२ रोजी छापले गेले. पाच रंगांची पाच घरे, पाच देशांचे रहिवासी, त्यांचे प्राणी, पेये आणि सिगारेटी. विचारलेले असते की पाणी कोण पितो आणि झेब्रा कोणाचा. ते आइन्स्टाइनने रचले असे मोबाइलवर फिरत असते, त्याला पुरावा नाही. घरांना ही पाच वैशिष्ट्ये वाटण्याच्या मांडण्या सुमारे २,४८८ कोटी होतात, म्हणजे चाचपडत जाणे शक्यच नाही. शेषवत् यांच्या लिखाणानंतर मला त्यातील एक गोष्ट नव्याने जाणवली. एकाही सूचनेत पाण्याचा उल्लेख नाही आणि झेब्र्याचाही नाही. बाकीची चार पेये आणि चार प्राणी आपापल्या घरी पोहोचले की पाणी आणि झेब्रा उरतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरे निव्वळ परिशेषाने मिळतात.

भाषेविषयीही एक सांगतो, कारण मराठीत कोडी रचणाऱ्याला ती सांभाळावी लागते. तुम्ही पहिल्या सूचनेत ‘लगेच नंतरच्या रात्री’ असे लिहिलेत, ते फार बरे केलेत. ‘दुसऱ्या रात्री’ म्हटले असते तर एका मुलाने पुढची रात्र समजली असती आणि दुसऱ्याने जत्रेची दुसरी रात्र, आणि दोघांचेही वाचन व्याकरणाने बरोबर ठरले असते. ‘नंतर’ म्हणजे लगेच नंतर की कधीतरी नंतर, हेही मुलांकडून प्रत्येक वेळी म्हणवून घ्यावे. चौथ्या सूचनेतील ‘नंतर’ लगेचचे नाही, तरी पुष्कळ मुले ते तसे वाचतात. या कोड्यात ती चूक योगायोगाने लपून जाते, कारण केपे आणि काणकोण खरोखरच लागोपाठच्या रात्री येतात.

त्या मुलासाठी एक प्रयोग सुचवतो. काल मी बसून तुमच्या कोड्यातील एकेक सूचना वगळून पाहिली. पहिली वगळली तर २१ उत्तरे निघतात, दुसरी वगळली तर ३, तिसरी वगळली तर ९, चौथी वगळली तर २ आणि पाचवी वगळली तर ४. पाचही सूचना आवश्यक आहेत, यात रचणाऱ्याचे कौशल्य दिसते. येत्या शनिवारी चौथी सूचना काढून टाकून तेच कोडे नव्या गावांच्या नावांनी द्या. सूचना कमी आहे हे सांगू नका. अंदाजाने सोडवणाऱ्याला उत्तर नक्की सापडेल.

मयेकाठ:

काल सरांचा प्रयोग करून पाहिला. साखळी, पेडणे, काणकोण, केपे यांच्या जागी वाळपई, मडगाव, म्हापसा आणि सांगे घातले आणि चौथी सूचना गाळली. प्रकारांची नावेही आपसांत बदलली, नाहीतर मुलांना जुने उत्तर आठवले असते. बाहेर पाऊस धो धो पडत होता, त्यामुळे सातच मुले आली होती.

तो मुलगा आठ-दहा मिनिटांत वही घेऊन आला. त्याची मांडणी मी सूचनांशी ताडून पाहिली आणि बरोबर आहे असे सांगितले. त्याच्या मागोमाग एक मुलगी आली. तिने आकडे घालून फुल्या केल्या होत्या. पहिल्या दोन रात्री तिच्या पक्क्या झाल्या होत्या, आणि शेवटच्या दोन रात्रींची चार घरे तिने मोकळी ठेवली होती. ‘‘बाई, इथे काहीच लिहिता येत नाही. दोन्ही मंडळे दोन्ही रात्रींना चालतात. एखादी सूचना राहिली का?’’ असे तिने विचारले. मी दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि त्या मुलाला म्हटले की तुझ्या शेवटच्या दोन रात्रींची मंडळे अदलाबदल करून पाहा.

त्याने अदलाबदल केली, चारही सूचना बोट ठेवून पुन्हा वाचल्या, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वहीचे नवे पान काढले, चौकट आखली आणि गेल्या शनिवारचे मूळ कोडे पहिल्या सूचनेपासून सोडवायला घेतले. सुटण्याची वेळ झाली तेव्हा त्याची साखळीची ओळ पूर्ण झाली होती, आणि प्रत्येक फुलीशेजारी आकडा होता.